बाळ रात्री दर दोन तासांनी उठतंय, म्हणजे आईचं दूध पुरत नाही का?

उंब्रज असो की कराड, आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी होतं. बाळ घरी आलं की दोन-चार रात्रींत कुणीतरी म्हणतंच, "पोट भरत नसंल त्याचं, म्हणून उठतंय." सकाळी मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा येतो. खरी अडचण बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

बाळ जेवढं ओढतं, त्या हिशोबानं अंगात दूध तयार होतं. त्यासाठी लागणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. रात्री बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढतं आणि दूध खरंच कमी व्हायला लागतं.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर चीक पितं. पुढेही आईचं दूध लवकर पचतं. त्यामुळे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागणं नॉर्मलच आहे. उलट पहिल्या दोन आठवड्यांत बाळ तीन-चार तास उठलंच नाही, तर त्यालाच उठवून पाजायचं.

मग पुरतंय हे ओळखायचं कसं? लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू होत असेल, तर काळजी नको. वजन सुरुवातीला थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. ते बघायला आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरोघरी नवजात बाळ तपासायची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गडचिरोलीत उभी केली. २०११ पासून ती देशभर आली.

आता बाळंतिणीची खोली. खिडक्या बंद, दिवसाही अंधार. पण नवजात बाळाला रात्र-दिवस कळत नाही, ते दोन-तीन महिन्यांत उजेडावरून हळूहळू शिकतं. म्हणून दिवसा खिडकी उघडा, रात्री पाजताना मंद दिवाच ठेवा, मोबाईल लांब. बंद खोलीत शेकाची शेगडी तर नकोच, कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो.

पाजणं आईलाच जमतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं मात्र बाबा किंवा आजीनं केलं तर तिला सलग दोन तास झोप मिळते. झोपवताना बाळ पाठीवर, घट्ट गादीवर. तोंडाजवळ उशी-दुपटं नको. सहा महिने पाणी, मध, घुटी काहीच नको.

बाळ दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.