थार तीच, चाकं दोन कमी

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जुलै 2023 मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला. असं एखादं वर्ष साधलं की जुन्नर-आंबेगावात पहिली चौकशी गाडीची. पण शोरूमचा आकडा नीट वाचायला हवा. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली तेव्हा सुरुवातीची किंमत होती 9.80 लाख, आणि तेव्हा प्रत्येक थार फोर बाय फोर होती. जानेवारी 2023 मध्ये 9.99 लाखांची थार आली, ती मागच्या दोन चाकांवर चालणारी. किंमत जवळपास जागेवरच. खरी वाढ फोर बाय फोरच्या यादीत.

किमतीत कराचा वाटाही मोठा. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे. मोठ्या इंजिनाच्या फोर बाय फोरला 40. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी डिझेल गाडीवर 14 टक्के रस्ता कर: बारा लाखांवर 1 लाख 68 हजार! 'ऑन-रोड' किमतीत विम्याचीही भर पडते.

मालवाहू पिकअपचा जीएसटी मात्र 28 वरून 18 वर आला. क्रेट वाहायचे असतील तर हिशोब तिथेच संपतो. पावसाळ्यात आहुप्याकडचा डांबरी घाट मागच्या दोन चाकांवरही चढता येतो. चिखलातल्या बांधावर रोज जाणाऱ्यानेच चार चाकांचे पैसे मोजावेत.