बंदूक जमा केली, पेटीचं काय?

वर्धा जिल्ह्यात आर्वी, कारंजा, सेलूकडच्या जुन्या वाड्यांत शिकारीच्या काळातली एखादी पेटी अजूनही निघू शकते. आत पितळी काडतुसांची रिकामी नळकांडी, टोप्यांचा डबा, छर्रे, नमद्याच्या चकत्या, टेबलाच्या कडेला आवळायचं काडतूस भरायचं यंत्र आणि तळाशी बारुदीचा पत्र्याचा डबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, पेटी राहिली. आजोबा गेल्यावर घरातलं कोणीतरी म्हणतंच, "बंदूक ठाण्यात जमा केली न, मंग झालं."

झालेलं नसतं. शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येनुसार दारूगोळ्यात त्याचे सुटे भाग येतातच, शिवाय तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बारुदीचा कणही नसलेलं ते गंजकं यंत्र कायद्याच्या नजरेत भंगार नाही.

"पण आबांचा लायसन होता!" होता, त्यांच्या नावावर. परवाना सातबाऱ्यासारखा वारसांच्या नावावर चढत नाही. वारसाला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतःचा अर्ज करावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. शिवाय काडतुसं बाळगणं कलम ३ खाली येतं आणि ती बनवणं कलम ५ खाली. एका परवान्यात दुसरा आपोआप येत नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही, तर माल विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, असं कलम २१ सांगतं.

थोडं वाचलेले लोक इथे कलम ४५ काढतात. जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल, तर किरकोळ सुटे भाग जवळ ठेवायला त्यात सूट आहे. शोकेसमधल्या एका रिकाम्या नळकांड्यासाठी हा युक्तिवाद चालू शकेल. पण आपल्या पेटीत नळकांडं, टोपी, बारूद, छर्रे आणि यंत्र शेजारी शेजारी नांदताहेत. तिथे या सुटीच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आता सगळ्यात घातक समज: "पन्नास वर्षांची बारूद, केव्हाच मेली असेल." काळी बारूद कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते, ओली होऊन वाळली तरी पेट घेऊ शकते. बिनधुराच्या बारुदीची गोष्ट उलटी. तिच्यातलं नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटतं. ते रोखायला घातलेलं रसायन संपलं की डब्यातून आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो, कधी तांबूस धूर दिसतो आणि साठा आपोआप तापून पेटू शकतो. उष्णतेने हे सगळं वेगात होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्याची काय भट्टी होते, ते सांगायला नको. जुन्या टोप्यांत मर्क्युरी फल्मिनेट असू शकतं; नुसत्या धक्क्याने अशी टोपी फुटू शकते. तेलात बुडवली की टोपी निकामी होते, हीही खात्री बाळगू नये.

भरलेलं काडतूस चुलीत पडलं तर बंदुकीसारखा नेम धरून सुटत नाही, एवढं खरं. नळी नसल्याने आवरण फाटतं, पण त्याचे तुकडे डोळा घालवायला पुरेसे असतात.

"रानात नेऊन पेटवून टाकू" म्हणणाऱ्यांना पुलगाव आठवावं. ३१ मे २०१६ला तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांचा जीव गेला. २० नोव्हेंबर २०१८ला सोनेगाव आबाजीजवळ, ठरवून दिलेल्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. आपल्या धुऱ्यावर काडी लावणाऱ्याकडे तर तेवढीही तयारी नसते.

डबा उघडू नका, हलवू नका, बसमध्ये घालून ठाण्यात तर मुळीच नेऊ नका. दुरून फोटो काढा, परवान्याची जुनी प्रत शोधा आणि ठाण्याला फोन करून पोलिसांना घरी बोलवा; गरज वाटली तर ते बॉम्बशोधक पथकाला आणतील. नेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद असलेली पावती मागून घ्या. आजोबांची शिकारीची वही, फोटो, दुकानाची बिलं खुशाल ठेवा. पेटीशेजारी सांबराची शिंगं किंवा कातडं निघालं, तर तो विषय वन विभागाचा. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर ती वस्तू त्यांच्याकडे स्वेच्छेने सोपवता येते.