ब्रेसमधला थर्मामीटर

दहा-बारा वर्षांची मुलगी भराभर उंच होऊ लागते आणि एक दिवस आईच्या लक्षात येतं, हिचा एक खांदा वर दिसतोय. पुढे वाकायला सांगितलं, तर पाठीची एक बाजू उचललेली. हा स्कोलिओसिस. एक्स-रेवर कण्याचा बाक 10 अंशांपर्यंत किंवा पुढे गेला, की निदान होतं. शंभरातल्या दोन-तीन किशोरवयीन मुलांत तो सापडतो. कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतात आणि बरगड्यांनाही ओढून नेतात. असं का होतं, हे बहुतेकींच्या बाबतीत अजून उलगडलेलं नाही.

वाढ संपेपर्यंत बाक रोखायला डॉक्टर ब्रेस देतात, काखेपासून कंबरेपर्यंतचं टणक प्लॅस्टिकचं कवच. पण त्याचा खरंच उपयोग होतो का, हे कित्येक दशकं कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. खरी अडचण घरात होती. तेरा वर्षांची मुलगी गणवेशाखाली ते दिवसभर घालते की दप्तराशेजारी काढून ठेवते? तिला विचारून खात्रीचं उत्तर कसं मिळणार?

आयोवाचे स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि लोरी डोलन यांच्या चमूने अमेरिका व कॅनडातल्या 25 केंद्रांत अभ्यास केला, तेव्हा प्रत्येक ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारा छोटा सेन्सर बसवला. अंगाची ऊब लागली, म्हणजे ब्रेस अंगावर आहे! मला या युक्तीचं फार अप्रूप वाटतं. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक 50 अंशांच्या आत राहिला, तर यश मानायचं. 242 मुलामुलींत ब्रेसवाल्यांपैकी 72 टक्के यशस्वी ठरले, नुसत्या देखरेखीखालचे 48 टक्के. दिवसाला साधारण 13 तास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या पुढे गेलं. सहा तासांहून कमी घालणाऱ्यांना मात्र फारसा फायदा झाला नाही. फरक इतका ठळक होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात त्या 48 टक्क्यांकडेही पाहायला हवं: ब्रेसशिवायच ज्यांचं निभावलं असतं, अशाही कित्येक मुली तो घालतात. त्या नेमक्या कोणत्या, हे आधीच ओळखता आलं, तर केवढं ओझं उतरेल!

बाक वाढतच गेला, तर शस्त्रक्रिया. ह्यूस्टनमध्ये पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करताना पॉल हॅरिंग्टन यांनी पोलादी सळीने कणा सरळ करण्याची पद्धत बसवली. पण कणा ताणला, की आतली मज्जारज्जूही ताणली जाऊ शकते, तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पाय लुळे पडले, तर ते कळायचं भूल उतरल्यावर. तोवर उशीर झालेला.

यावर 1973 मध्ये फ्रान्समधल्या व्होझेल, स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी मांडलेला उपाय ऐकून आजही अंगावर काटा येतो. पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची आणि रुग्णाला सांगायचं, हाताची मूठ आवळ. मूठ आवळली, म्हणजे सूचना कळतेय. आता पाय हलव. हात हलला पण पाय नाही, तर सर्जन तिथल्या तिथे सळीचा ताण सैल करतात.

आता बऱ्याच ठिकाणी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून मेंदूला सूक्ष्म विद्युत धक्का देतात आणि त्याचा प्रतिसाद पायाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो का, ते पडद्यावर बघतात. संदेश क्षीण झाला, की भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात, सर्जन ताण कमी करतात. तरीही पडद्यावरच्या रेषांनी उलगडा होईना, तर मुलीला हलकेच जागं करून पाय हलवायला सांगतात.