खटका का पडतो?

पाऊस सुरू झाला की आपल्या बोरी बुद्रुकच्या गटांत हप्त्यांचं बोलणं संपल्यावर हमखास एक विषय निघतो, "ताई, घरघंटी लावली की अख्ख्या घराची लाईट जाते." लगेच दुसरी म्हणते, "आमचा पण खटका पडायचा, आम्ही वायरमनला सांगून काढूनच टाकला." आज मी बोलणार आहे ते तो न काढता दोष कसा शोधायचा त्याबद्दल.

आधी बोर्डाकडं नीट बघा. अरुंद खटका असतो तो एमसीबी. त्यावर ६, १०, १६ असा आकडा असतो, तेवढे त्याचे अँपिअर. जास्त वीज ओढली गेली किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की तो पडतो. दुसरा रुंद, त्यावर टेस्टचं छोटं बटण. तो आरसीसीबी, आपल्याकडं त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो भार बघत नाही. तो आपल्या गटाच्या वहीसारखा हिशेब जुळवतो, गेली किती आणि परत आली किती. घरगुती खटक्याला ३० मिलीअँपिअरचा फरक पुरतो. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो. जी वीज परत आली नाही ती कुठूनतरी जमिनीत जातेय. यंत्राच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून, नाहीतर त्याला हात लावलेल्या बाईच्या अंगातून.

म्हणून कुठला खटका पडला, हा पहिला प्रश्न.

एमसीबी पडला असेल तर गणित सोपं आहे. यंत्रावरच्या वॅटला २३० नं भागा. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार. दोन्ही एकाच ६ च्या खटक्यावर लावल्या तर काही मिनिटांत तो पडणारच. घरघंटीचं जरा वेगळं आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. खटका 'बी' प्रकारचा असेल तर तेवढ्यानंही पडतो. मोटरच्या लाईनीला 'सी' प्रकारचा लागतो, तो वायरमनकडून बसवून घ्या. पण ६ च्या जागी थेट ३२ चा बसवू देऊ नका. वायर तीच बारीक राहिली तर खटका पडणार नाही, वायर जळेल.

आरसीसीबी पडला तर घरातल्या सगळ्या पिना सॉकेटातून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण बटण एकच वायर तोडतं, दुसरी जोडलेलीच राहते. फ्रीज, टीव्ही, मोबाईलचा चार्जर, काही विसरू नका. हात कोरडे, पायात चप्पल. मग खटका वर करा. टिकला तर एकेक पीन लावून यंत्र चालू करत जा. ज्याच्यावर पडेल त्याला दुसऱ्या सॉकेटावर लावून बघा. तिथंही पडला तर दोष यंत्रात. सगळं काढूनही खटका टिकत नसेल तर वायरिंगमध्ये, पडवीतल्या दिव्यात किंवा पाण्याच्या मोटरीत ओल शिरलीय. अशा वेळी पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

गिझर किंवा रॉड थोडा तापल्यावर खटका पडत असेल तर बहुतेक कॉइलच्या नळीला तडा गेलेला असतो. बोअरच्या जड पाण्यानं तिच्यावर क्षार बसतात आणि ती लवकर जाते. तसला रॉड टाकूनच द्या. मिक्सरच्या भांड्याखालून पाणी आत गेलेलं असतं. घरघंटीत पिठाची धूळ बसते, आणि पावसाळी हवेत तीच धूळ ओल धरते. पीन काढून ब्रशनं साफ करा, एक दिवस कोरड्या जागी ठेवा. तरीही पडला तर दुरुस्तीला न्या.

आता ज्यांचा खटका कधीच पडत नाही त्यांच्यासाठी. थ्री-पिनची जाड पीन मोडलेली असेल किंवा घराला अर्थिंगच नसेल, तर दोष असलेल्या यंत्राच्या पत्र्यात वीज तशीच उभी राहते. तिला जमिनीत जायला वाट मिळते ती कुणीतरी हात लावल्यावर. त्या वेळी आरसीसीबी असला तर धक्का बसूनही वीज लगेच तुटते, माणूस वाचण्याची शक्यता मोठी. तो काढून टाकलेला असला तर एमसीबीला एवढ्याशा विजेचा पत्ताही लागत नाही. पत्र्याला हात लागून मुंग्या आल्या तर यंत्र त्याच क्षणी बंद.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडलाच पाहिजे. मात्र त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका, अर्थिंग नसलं तरी ते बटण काम करतं. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, आणि उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, तिथं ठिणग्या दिसल्या तर १९१२ वर फोन करा. मीटरनंतरचं सगळं आपलं. म्हणून घरघंटीसाठी कर्जाचा अर्ज येईल तेव्हा माझं एक मागणं आहे. अंदाजपत्रकात नुसती घरघंटीची किंमत नको, अर्थिंग आणि आरसीसीबीचा खर्चही त्यातच धरा.