शेवाळाचें अन्न कोठें अडतें?

पावसाळ्याचा गढूळ पूर ओसरून कयाधूचें पाणी निवळलें कीं पात्रांतील काळ्या दगडांवर हिरवी साय धरूं लागते. वर दगड नुसते निसरडे, तर गांवचें सांडपाणी मिळतें तेथें हिरव्या जटा लोंबतात. ऊन तेंच, पाणीहि तेंच. मग हा फरक कशाचा?

तांदूळ पोतेंभर असले, पण पत्रावळी पन्नासच असल्या, तर पंगत पन्नासांचीच बसते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं १९व्या शतकांत पिकांविषयीं प्रसिद्धीस आणलेला नियम हाच : जें सर्वांत अपुरें, तेंच वाढ रोखून धरतें. वाहत्या पाण्यांत ही उणीव बहुधा नत्राची किंवा स्फुरदाची असते. सूक्ष्म शेवाळाच्या देहांत नत्राच्या सुमारें १६ अणूंमागें स्फुरदाचा एकच अणु लागतो. म्हणून वसमतकडील हळदीच्या रानांतून मातीच्या कणांस चिकटून आलेलें थोडेंसें स्फुरदहि पुष्कळ होतें.

तथापि क्षारांनींच सर्व भागतें असें नाहीं. सूर्यप्रकाशावर आपलें अन्न शिजविणाऱ्या या वनस्पतींस जीवनसत्त्वांची उसनवारी करावी लागते, हें ऐकून कोणासहि नवल वाटेल! केंब्रिज येथील संशोधकांनीं २००५ सालीं ३२६ जातींची माहिती तपासली. त्यांपैकीं १७१ जातींस ब-१२ बाहेरून घ्यावें लागतें असें आढळलें. हें सत्त्व केवळ जीवाणूंसारखे सूक्ष्म जीवच बनवूं शकतात.

नेमकें काय अपुरें आहे, हें मातीच्या लहान कुंड्यांनीं कळतें. एकींत नत्र, दुसरींत स्फुरद, तिसरींत दोन्ही अगरच्या लगद्यांत कालवून भरतात. चौथींत लगदा नुसताच. हवें तर आणखी एकींत जीवनसत्त्व. तोंड बंद करून त्या ओढ्यांत ठेवल्या कीं माठासारख्या पाझरतात, आणि कांहीं आठवड्यांनीं जिच्यावर शेवाळ दाट, तिच्यांतील द्रव्याची तेथें वाण आहे असें समजावें. सर्वच कुंड्या सारख्या उजाड राहिल्या, तर वर झाडांची गर्द सावली आहे कीं काय, तें पाहावें.

ही चौकशी पोकळ कुतूहलाची नव्हे. दाट शेवाळ रात्रीं पाण्यांतील प्राणवायु खर्चून टाकतें, आणि पहांटे मासे वर येऊन तडफडतात. केवळ नत्र रोखून भागेलच असें नाहीं. कांहीं नीलहरित शैवालें तें हवेंतून मिळवितात. कयाधूवर हा प्रयोग करणाऱ्यानें दिवाळीनंतरचा काळ निवडावा. पावसाळी पुरांत कुंड्या हातीं लागावयाच्या नाहींत.