करंट वाढला की रिले लाइन तोडतो?

घरातला एमसीबी करतो तेच उच्चदाब वाहिनीवर रिले करतो, असं बहुतेकांना वाटतं. पण रिले काहीच तोडत नाही. तो ट्रिपचा आदेश देतो. तोडण्याचं काम उपकेंद्राच्या यार्डातला सर्किट ब्रेकर करतो. शिवाय नुसत्या करंटवरून निदानही होत नाही, कारण लांबच्या फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा, करंट कधीकधी रोजच्या भाराएवढाच असतो. म्हणून डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागतो. येणारा इम्पिडन्स तारेच्या लांबीबरोबर वाढतो. वाहिनीचा इम्पिडन्स किलोमीटरला ०.३ ओहम धरला आणि रिलेला १५ ओहम दिसले, तर फॉल्ट साधारण ५० किलोमीटरवर आहे. वाहिनीच्या पहिल्या सुमारे ८० टक्के भागातल्या फॉल्टला, म्हणजे झोन १ मध्ये, तो तत्काळ आदेश देतो. त्यापलीकडे मुद्दाम थांबतो. आणखी दूरच्या झोन ३ मध्ये जवळपास सेकंदभर, म्हणजे पुढच्या उपकेंद्राला आधी संधी मिळते.

ट्रिप झालं म्हणजे फॉल्ट होताच, हेही खरं नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी झोन ३ वर ट्रिप झाली. फॉल्ट कुठेच नव्हता. पश्चिम ग्रिडमधून उत्तरेकडे प्रचंड वीज वाहत होती, व्होल्टेज उतरलं होतं. करंट जास्त, व्होल्टेज कमी, त्यामुळे भागाकार लहान आला आणि रिलेला तो दूरचा फॉल्ट वाटला. उत्तर ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तरेसह पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेली. रिले बिघडला होता म्हणून हे झालं, असं म्हणणं मला पटत नाही. त्याला दिलेल्या सेटिंगप्रमाणेच त्याने काम केलं; प्रश्न त्या सेटिंगचा आणि वाहिनीवर चढू दिलेल्या भाराचा होता.

सर्वांत घातक समजूत मात्र गावातल्या ११ केव्हीच्या तारांबद्दल आहे: तार तुटून जमिनीवर पडली की वीज आपोआप जातेच. ओल्या मातीत बहुधा जाते. कोरडा मुरूम, खडक किंवा डांबरी रस्ता असेल, तर जमिनीत जाणारा करंट इतका कमी असू शकतो की अर्थ फॉल्ट रिलेला तो जाणवतच नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, तरी तारेत पूर्ण दाब असतो. फीडर, म्हणजे ती ११ केव्हीची वाहिनी, ट्रिप झाला असला, तरी तो पुन्हा चालू करून पाहिला जाऊ शकतो. तेव्हा वीज कर्मचारी फीडर बंद असल्याचं सांगेपर्यंत, गुरं सोडवायलासुद्धा, तारेजवळ जाऊ नये.