आधी प्रत, मग तपासणी

सकाळी साडेदहा

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी शटर वर करायच्या आधीच भोर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव पायरीवर बसलेले. सकाळचं संकलन उरकून, मिळेल त्या गाडीने आलेले. "अण्णा, चालू व्हायलाच अर्धा तास लावतोय. मधेच निळा पडदा येतो. उद्या दसवडा काढायचाय हो, सगळ्यांचं दूध ह्याच्यात आहे."

लॅपटॉप चालू करून दाखवायला त्यांनी हात पुढे केला. मी थांबवलं. मरू घातलेली डिस्क आणखी किती वेळ फिरेल ते कुणालाच सांगता येत नाही. तो वेळ कशावर घालवायचा, एवढंच आपल्या हातात. म्हणून आधी प्रश्न. कधीपासून? तीन-चार दिवस. पडला होता का? नाही, पण वजनकाट्याशेजारच्या टेबलावर असतो आणि त्याच टेबलावर कॅन आपटतात. दुसरी प्रत? दोन महिन्यांपूर्वीची, पेनड्राइव्हवर. म्हणजे मधले सहा दसवडे, दर दहा दिवसांचे दुधाचे हिशेब, या एका डिस्कवर उभे.

सकाळी अकरा

डिस्क बाहेर काढली. अडीच इंची, ५०० जीबीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. विंडोज चालू झालं की ते आपणहून डिस्कवर लिहायला लागतं, कधी दुरुस्तीही आरंभतं. म्हणून ती माझ्या कॉम्प्युटरला थेट साटा केबलने जोडली, लिनक्समध्ये, काहीही आपोआप माउंट होणार नाही अशा बेताने. यूएसबी कव्हर मुद्दाम टाळलं. कमकुवत डिस्क त्यात मधेच गायब होते आणि दोष कव्हरचा की डिस्कचा, ते कळत नाही.

मग कान लावला. एकसारखी टक्‌-टक्‌ आली असती तर त्याच क्षणी वीज तोडली असती. तो आवाज म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि त्याचा हात पुन्हापुन्हा टोकाला जातो. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, साधा धुळीचा कणही त्याहून कितीतरी मोठा. बिघडलेलं हेड फिरवत ठेवलं तर ते डेटाच खरवडून काढतं. अशी डिस्क धूळविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायची, माझ्या बाकावर कदापि नाही. सुदैवाने इथे आवाज स्वच्छ होता.

आता डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे स्मार्ट. सगळ्यात वर एक शब्द: पास्ड. या एका शब्दावर विसंबून लोकांनी किती फोटो आणि किती हिशेब घालवले असतील! कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडली नाही, इतकाच त्याचा अर्थ. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या चार मुख्य आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. उलट, पृष्ठभाग तपासताना एक जरी चूक सापडली, तर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याचा संभव ३९ पटींनी वाढत होता. आकडे निर्मळ असले म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, पण ते बोलायला लागले की ताबडतोब ऐकायचं.

ही डिस्क बोलत होती. पाच क्रमांकाच्या ओळीत बदललेले सेक्टर थोडेच, पण १९७ व्या ओळीत शेकड्यांनी. हे वाचता न आलेले, ताटकळत ठेवलेले सेक्टर. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं की डिस्क ठरवते: जागा चालत असेल तर तीच, नसेल तर राखीव जागा. दोन्हीकडे जुना मजकूर गेलाच. १९९ व्या ओळीत शून्य, म्हणजे केबलवर आळ घ्यायला जागा नाही.

साडेअकरा

इथे पुष्कळजण डिस्कची लांब चाचणी लावतात किंवा चेकडिस्क चालवतात. मला ते पटत नाही. लांब चाचणी डिस्कचा कानाकोपरा वाचते आणि हाती फक्त 'खराब आहे' हा निकाल देते. तेवढ्याच वाचनात प्रत निघते! मी डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्राम लावला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडला की पुढे उडी मारतो, आणि काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवतो. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू.

दुपारी एक

कॉलेजातला एक मुलगा. "काका, हार्ड डिस्क गेली, नवीन टाका." याचा १९९ चा आकडा मोठा, बाकी ओळी कोऱ्या. डिस्कपासून मदरबोर्डाकडे जाणारी पट्टीची केबल वाकून चिरली होती. नवी बसवली. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून तासभर चालवून तो वाढत नाही ना, ते पाहिलं. डिस्क ठणठणीत. डिस्क विकता आली असती, पण त्याला हवं होतं निदान.

दुपारी तीन

सचिवांच्या डिस्कचा वेग पार खाली, सेकंदाला काही केबींवर आलेला. एकेका सेक्टरपाशी ती स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते. समोर छोटा पंखा लावला. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला सचिवांना कुणीतरी दिला होता. करू नका, म्हटलं. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि फिरत्या तबकडीवर ओलावा म्हणजे शेवटच.

पाचच्या सुमारास तेच काम उलट्या दिशेने लावलं. खराब पट्ट्याला मागून भिडलं की पुढून न मिळालेलं पुष्कळ हाती लागतं.

संध्याकाळी सात

जे मिळायचं ते मिळालं. न वाचलेल्या जागी प्रतीमध्ये एक ठरावीक खूण भरली आणि ती कुठल्या फायलींत उतरली ते शोधलं. बहुतेक विंडोजच्याच फायली, काही फोटो, आणि दुधाच्या डेटाबेसमध्ये एक तुकडा. प्रत नव्या एसएसडीवर घेऊन डेटाबेस दुरुस्त केला. एका संध्याकाळच्या पाळीच्या नोंदी तेवढ्या गेल्या.

आता, सगळं बाहेर आल्यावर, जुन्या डिस्कला लांब चाचणी लावली. थोड्याच वेळात वाचनदोष दाखवून ती थांबली. निदानावर शिक्का.

"ही पोराला सिनेमे ठेवायला होईल का?" सचिवांनी विचारलं. नाही. पूर्ण पुसून लिहिली तर १९७ ची ओळ शून्यावर येईल, डिस्क बरी दिसेल, आणि खराब पृष्ठभाग तिथेच राहील. जुन्या बाजारात अशा डिस्क सर्रास फिरतात, घेताना पाच क्रमांकाची ओळ जरूर बघावी. नवी एसएसडी कॅनचे धक्के सोसेल, पण ती जाते तेव्हा पुष्कळदा काही न सांगता जाते. दर दसवड्याला पेनड्राइव्हवर प्रत काढायची, आणि तो पेनड्राइव्ह संस्थेत नाही, घरी ठेवायचा.

त्यांनी गावी फोन लावला. मोजणी करणाऱ्या पोराने त्या संध्याकाळची वही उघडली आणि सचिव माझ्या बाकावर बसून भरू लागले: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. पुढचा.